नाळेचा बाजार आणि आपले मौन

माझ्या पुतण्याची पत्नी गेल्या वर्षी नाव नोंदवण्यासाठी एका प्रसूतिगृहात गेली, तेव्हा डॉक्टरांची भेट होण्याआधीच तिची गाठ एका टापटीप पोशाखातल्या तरुणाशी पडली. त्याने तिला आपुलकीने 'वहिनी' म्हणून बसवून घेतले आणि गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका हाती दिली. बाळाच्या नाळेतले रक्त आपण अज्ञानाने फेकून देतो. त्यात मूळपेशी असतात. त्या गोठवून ठेवल्या तर पुढे ऐंशी रोगांवर इलाज होतो. खर्च साठ हजार, हप्ते सोयीचे. एवढे सांगून झाल्यावर त्याने शेवटचे वाक्य टाकले : "उद्या बाळाला काही झाले तर आई म्हणून तुम्हाला पश्चात्ताप होऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे."

दोघे नवराबायको संध्याकाळी माझ्याकडे आले. घरासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते चालू असतानाही पैसे भरण्याच्या तयारीनेच ते आले होते. मी पस्तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले आहे. मला जे ठाऊक होते ते मी सांगितले आणि त्यांनी पैसे भरले नाहीत. परंतु निघताना सुनेने विचारलेला प्रश्न माझ्या मनातून जात नाही. ती म्हणाली, "काका, लग्नाआधीच्या शिबिरात आम्हांला एवढ्या गोष्टी सांगितल्या. याविषयी कोणी एक अक्षरही कसे बोलले नाही?"

या प्रश्नाचे उत्तर लाजिरवाणे आहे. मूळपेशींविषयी आम्ही एकच वाक्य शिकलो आणि तेच शिकवले : 'ते भ्रूणहत्येचे शास्त्र आहे, ख्रिस्तसभेला ते मान्य नाही.' तेवढे म्हटले की आपले कर्तव्य संपले, अशी आमची समजूत झाली. हा दोष मी इतरांवर ढकलत नाही. वीस वर्षांपूर्वी शाळेच्या फलकावर याच अर्थाचे कात्रण मी स्वतःच्या हाताने लावले होते. त्या अर्ध्या सत्याने दोन अनर्थ केले. जे पवित्र दान आपण करू शकलो असतो ते पाप समजून टाळले आणि जो बाजार आपण ओळखायला हवा होता त्यात मुकाट्याने शिरलो. या दोन अनर्थांविरुद्ध मला भांडायचे आहे.

मूळपेशी म्हणजे काय?

आपल्या शरीरातील बहुतेक पेशी आपापल्या कामाला बांधलेल्या असतात. रक्तातील लाल पेशी प्राणवायू वाहते आणि सुमारे १२० दिवसांनी नष्ट होते. ती स्वतःसारखी दुसरी पेशी निर्माण करू शकत नाही. तरीही आपले रक्त आटत नाही, कारण हाडांच्या पोकळीतील मज्जेत थोड्याशा अशा पेशी असतात की ज्यांचे विभाजन झाल्यावर एक पेशी मूळचीच राहू शकते आणि दुसरी लाल पेशी, पांढरी पेशी किंवा रक्तबिंबिका होण्याच्या वाटेला लागते. जुन्या वडाखाली नवी मुळी धरावी आणि वडही उभा राहावा, तसा हा प्रकार आहे. त्यांच्या बळावर निरोगी माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या लाल पेशी तयार होतात.

टोरांटो येथील जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक या शास्त्रज्ञांनी १९६१ साली याचा प्रयोगसिद्ध पुरावा पुढे आणला. तीव्र किरणांनी ज्यांची मज्जा नष्ट केली होती अशा उंदरांना त्यांनी निरोगी उंदरांची मज्जा टोचली, तेव्हा त्यांच्या प्लीहेवर नव्या रक्तपेशींच्या लहान गाठी उगवल्या. अशी एकेक गाठ एकेका पेशीपासून वाढते, हे पुढे १९६३ साली दिसून आले. त्याच सुमारास अमेरिकेत डॉ. डोनाल थॉमस माणसांमध्ये अस्थिमज्जेच्या रोपणाचे प्रयत्न करीत होते. बरीच वर्षे अपयशच पदरी आले; तरी त्यांनी काम सोडले नाही. १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली आणि वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९८६ साली हे उपचार सुरू झाले. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, मज्जा सुकून जाण्याचा विकार अशा रोगांतून कितीतरी माणसे त्यामुळे वाचली आहेत.

म्हणजे मूळपेशींचा सर्वांत जुना आणि सर्वांत भक्कम उपचार भ्रूणापासून आलेला नाही. तो एका जिवंत माणसाने दुसऱ्याला दिलेल्या मज्जेतून आला आहे. या एका वस्तुस्थितीने आमच्या शिकवणुकीची सुरुवात व्हायला हवी होती.

डोळ्याच्या बुबुळाच्या कडेलाही अशाच मूळपेशी असतात. डोळ्यात चुना किंवा आम्ल उडून त्या जळाल्या की बुबुळावर पांढरा पडदा वाढतो. रुग्णाच्याच दुसऱ्या, निरोगी डोळ्याच्या कडेचा कणभर तुकडा घेऊन त्या पेशी वाढवायच्या आणि जळालेल्या डोळ्यावर लावायच्या, हे तंत्र इटलीतील शास्त्रज्ञांनी १९९७ साली यशस्वी करून दाखवले. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत त्याने शेकडो रुग्णांना दृष्टी परत मिळाली आहे. येथेही भ्रूणाचा संबंध नाही.

एक बंद दार आणि तीन उघडी दारे

मग वाद कशाचा आहे? १९९८ साली अमेरिकेतील जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून मूळपेशी वेगळ्या केल्या. गर्भधारणेनंतर पाच-सहा दिवसांचा भ्रूण शंभर-दीडशे पेशींचा पोकळ गोल असतो. त्याच्या आतल्या बाजूच्या पेशींपासून शरीरातील कोणतीही ऊती होऊ शकते. परंतु त्या काढून घेताना भ्रूण नष्ट होतो. मनुष्यजीवनाचा आदर गर्भधारणेपासूनच केला पाहिजे, असे मानणाऱ्या ख्रिस्तसभेने याला नकार दिला. १९८७ सालची रोमची सूचना, १९९५ सालचे पोप दुसरे जॉन पॉल यांचे 'एव्हांजेलियुम व्हिते' हे विश्वपत्र आणि २००८ सालची 'दिग्नितास पर्सोने' ही सूचना या तिन्हींची भूमिका एकच आहे.

मात्र 'दिग्नितास पर्सोने' संपूर्ण वाचणारे आपल्यात किती आहेत? त्याच दस्तऐवजात प्रौढ माणसाच्या ऊतींतून, जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तातून आणि नैसर्गिकरीत्या मरण पावलेल्या गर्भाच्या ऊतींतून मिळवलेल्या मूळपेशी नैतिकदृष्ट्या ग्राह्य ठरवल्या आहेत. अट एवढीच की, ज्याच्यापासून त्या घ्यायच्या त्याला गंभीर इजा होता कामा नये. ख्रिस्तसभेने एक दार लावले आणि तीन उघडी ठेवली. आम्ही मात्र लोकांना फक्त लावलेले दार दाखवले.

शिवाय आमचे आणखी एक अर्धसत्य आहे, तेही येथे कबूल केले पाहिजे. 'भ्रूणापासून मिळालेल्या पेशींनी आजवर एकही रोगी बरा झालेला नाही, म्हणून ते संशोधन व्यर्थ,' असा युक्तिवाद आपल्या व्याख्यानांतून फार झाला. तो आता टिकणारा नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत भ्रूणीय मूळपेशींपासून बनवलेल्या स्वादुपिंडाच्या पेशी मधुमेहाच्या गंभीर रुग्णांना दिल्या गेल्या. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षअखेर इन्सुलिनची गरज उरली नाही. ही चाचणी लहान आहे, त्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, हे सर्व खरे. पण डोळे मिटून चालणार नाही. एखादी गोष्ट चूक असेल तर ती यशस्वी झाली तरी चूकच राहते. जो आपली नीती दुसऱ्याच्या अपयशावर उभी करतो, त्याची नीती ते अपयश संपताच कोसळते. आपला आक्षेप भ्रूणाच्या प्रतिष्ठेवर आधारलेला आहे. तो तसाच स्पष्ट मांडावा आणि त्यासाठी विज्ञानाची हेटाळणी करू नये.

नकार देणाऱ्यांमुळे विज्ञान थांबते, असे म्हणणाऱ्यांसाठी क्योतोचे डॉ. शिन्या यामानाका यांचे उदाहरण आहे. मित्राच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूण पाहताना आपल्या मुलींची आठवण झाली आणि दुसरा काही मार्ग असला पाहिजे असे वाटले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. २००६ साली उंदरांच्या आणि २००७ साली माणसांच्या त्वचेतील पेशींमध्ये चार जनुके घालून त्यांनी त्या पेशींना जणू बाल्यावस्थेत परत नेले. २०१२ साली त्यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. सदसद्विवेकाची टोचणी प्रयोगशाळेची शत्रू असतेच असे नाही.

पाळण्याआधीची विक्री

आता त्या गुळगुळीत पुस्तिकेकडे वळतो. नाळेतील रक्त निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. १९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी एका आजारी मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले आणि तो वाचला. मात्र त्या मुलाला स्वतःचे रक्त दिलेले नव्हते, बहिणीचे दिले होते. पुस्तिकेत नेमके हेच लपवले जाते.

बाळाला थॅलेसेमियासारखा आनुवंशिक रोग असेल, तर तोच दोष त्याच्या नाळेतील प्रत्येक मूळपेशीत असतो. म्हणजे गोठवून ठेवलेले स्वतःचे रक्त त्याच्या रोपणाला उपयोगी नाही. बालपणीच्या रक्तकर्करोगात पुष्कळदा रोगाचे बीज जन्माच्या वेळीच रक्तात असते. तेव्हा तेथेही दुसऱ्याचेच रक्त श्रेयस्कर ठरते. ज्या ऐंशी रोगांची यादी दाखवली जाते, त्यांतील बहुतेकांवर दात्याच्या पेशी लागतात. शिवाय एका नाळेतून मिळणारे रक्त थोडे असते; प्रौढ माणसाच्या रोपणाला ते बहुधा अपुरे पडते. अमेरिकेतील रक्त व मज्जा रोपणतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ साली अंदाज दिला की, पहिल्या वीस वर्षांत स्वतःच्या नाळेतील रक्त वापरण्याची वेळ अडीच हजारांत एकावर ते दोन लाखांत एकावर येऊ शकते.

हे परदेशी मत म्हणून बाजूला सारता येणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळेतील रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. घरात आधीच असे अपत्य असेल की ज्याला या पेशींनी बरा होणारा विकार आहे, तर पुढच्या बाळाचे रक्त जपणे योग्य होय. नाळेची ऊती, दात, चरबी, मासिक स्राव इत्यादी साठवण्याच्या धंद्याला तर त्या तत्त्वांनी परवानगीच दिलेली नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१८ साली खासगी साठवणुकीविरुद्ध मत दिले. 'आम्ही आता सर्व सभासदांचे रक्त सामायिक ठेवतो,' असे उत्तर कंपन्या देतात. परंतु ज्याने पैसे भरले त्यालाच ज्या भांडारातून मिळते, त्याला दान म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट आयांना कोणी सांगत नाही. जन्मल्यावर नाळ लगेच चिमट्यात पकडू नये, किमान एक मिनिट थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कारण त्या अवधीत नाळेतील रक्त बाळाच्या अंगात जाते आणि त्याला पुढचे काही महिने पुरेल असे लोह मिळते. म्हणजे त्या रक्तावर पहिला हक्क बाळाचा आहे आणि तो हक्क फुकट आहे. आपल्या आज्या-पणज्या नाळ अंगणात पुरत. त्या मातीशी माणसाचे नाते जुळते, ही त्यांची श्रद्धा होती. त्या श्रद्धेला आपण अडाणीपणा म्हटले आणि आता उणे एकशे शहाण्णव अंशांच्या टाकीत तीच नाळ पुरण्यासाठी हप्ते भरतो आहोत!

गर्भवती स्त्रीच्या मनातील भीती हे या धंद्याचे भांडवल आहे. दुसऱ्या टोकाला याहून निर्दय दुकाने आहेत. स्वमग्न मुले, पक्षाघाताचे रुग्ण, मेंदूच्या विकाराने अंथरुणाला खिळलेली लेकरे यांच्या आईबापांना 'मूळपेशींचे इंजेक्शन' लाखोंच्या भावाने विकले जाते. २०१७ सालची तत्त्वे स्पष्ट आहेत : रक्ताच्या विकारांसाठी मान्य असलेले रोपण सोडले तर मूळपेशींचे अन्य उपयोग मान्यताप्राप्त चाचण्यांतच व्हायला हवेत. स्वमग्नतेवरील उपचार म्हणून मूळपेशी देऊ नयेत, तसे करणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरेल, अशी भूमिका राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ साली घेतली. यात केवळ पैसा जातो असेही नाही. मार्च २०१७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकाने अमेरिकेतील तीन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनी प्रत्येकी पाच हजार डॉलर मोजून दोन्ही डोळ्यांत स्वतःच्या चरबीतील पेशी टोचून घेतल्या होत्या. त्या जवळजवळ आंधळ्या झाल्या. त्या पेशी भ्रूणाच्या नव्हत्या. आमच्या एका वाक्याच्या नीतीला त्यांत काहीच आक्षेपार्ह सापडले नसते! पेशी कोठून आली, हे विचारून नीती संपत नाही. ती कोणाला, कोणत्या वचनावर, कोणत्या भावाने विकली, हेही विचारावे लागते.

जे फुकट आहे ते

आता दुसऱ्या अनर्थाविषयी सांगतो, आणि हे सांगणे मला जड जाते.

माझ्या एका सहशिक्षकाच्या मुलाची मज्जा अकस्मात सुकली. वय सोळा. सख्ख्या भावंडाच्या पेशी पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक असते. त्याच्या एकुलत्या बहिणीच्या जुळल्या नाहीत. दात्यांच्या नोंदणीत शोध घेतला, तेथेही कोणी सापडले नाही. पेशींची ही जुळणी रक्तगटासारखी सोपी नसते. ती वंशपरंपरेने येते आणि म्हणून ज्यांचे पूर्वज एक, त्यांच्यात ती सापडण्याचा संभव अधिक. आपण वसईकर काय, उत्तनचे कोळी काय, मुंबईचे ईस्ट इंडियन काय, पिढ्यान् पिढ्या आपापल्या गावांत आणि ज्ञातीत सोयरिकी करीत आलो. आपल्या मुलाला जुळणारा दाता जर्मनीत किंवा अमेरिकेत असण्यापेक्षा शेजारच्या धर्मग्रामात असण्याची शक्यता जास्त. पण नोंदणीत आपली नावेच नसतील तर शोधणाऱ्याला तो सापडणार कसा? जगभरात चार कोटींहून अधिक दात्यांची नोंद आहे; त्यात भारताचा वाटा लोकसंख्येच्या मानाने अगदी थोडा आहे.

त्या मुलासाठी आम्ही मिस्सेनंतर सभागृहात दात्यांच्या नोंदणीचे शिबिर ठेवले. सहाशे माणसे मिस्सेला होती. अकरा आत आली. दारात उभा राहून मी कारणे ऐकत होतो. एक गृहस्थ म्हणाले, "सर, स्टेम सेल ना? मग चर्चला चालत नाही." एक बाई म्हणाल्या, "पाठीच्या कण्यातून काढतात, माझा मुलगा लुळा पडेल." तिसऱ्या कोणी म्हटले, "फादर वेदीवरून बोलले असते तर वेगळी गोष्ट." मुलगा पावसाळ्यात गेला. त्या अकरांच्या जागी सहाशे असते तर तो वाचला असता, असे मी म्हणू शकत नाही. परंतु आम्ही शोधलेच नाही, हे मी म्हणू शकतो आणि म्हटले पाहिजे.

म्हणून ही माहिती नीट वाचावी. साधारण १८ ते ५० वर्षांच्या निरोगी व्यक्तीला नाव नोंदवता येते. नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, एवढेच. नोंदवलेल्यांपैकी फार थोड्यांना पुढे बोलावणे येते. आले, तर बहुतेक वेळा काही दिवस त्वचेखाली इंजेक्शने देऊन मूळपेशी रक्तात उतरवतात आणि मग एका हातातून रक्त घेऊन, यंत्राने त्या पेशी वेगळ्या करून उरलेले रक्त परत देतात. त्याला काही तास लागतात. अंग दुखते, डोके दुखते, आणि थोड्या दिवसांत ते थांबते. क्वचित मज्जा घ्यावी लागलीच तर भूल देऊन कमरेच्या हाडातून घेतात. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला कोणी हात लावत नाही. दिलेल्या पेशी शरीर काही आठवड्यांत भरून काढते. अलीकडे अर्ध्या जुळणीवरही रोपण होऊ लागले आहे, त्यामुळे आईवडीलही दाते होऊ शकतात. तरीही पूर्ण जुळणारा दाता मिळाला तर डॉक्टर सहसा त्यालाच प्राधान्य देतात.

यासाठी कोणी आपल्याकडे पैसे मागत नाही. म्हणूनच कदाचित त्याची जाहिरात करायला प्रसूतिगृहात कोणी उभे नसते. ते काम आपले होते.

आपल्या धर्मगुरूंना आणि धर्मग्राम मंडळांना माझी हात जोडून, पण ठाम मागणी आहे. विवाहपूर्व शिबिरात नाळेच्या व्यापाराविषयी अर्धा तास द्यावा आणि तो एखाद्या डॉक्टराकडून द्यावा. प्रत्येक धर्मग्रामात वर्षातून एक रविवार दात्यांच्या नोंदणीचा असावा आणि त्याची घोषणा वेदीवरून व्हावी. ज्या घरात दुर्धर आजाराचे मूल आहे, तेथे दुकानदाराआधी आपण पोचावे. आणि गर्भातील जीवाच्या बाजूने जेव्हा आपण बोलू, तेव्हा पाळण्यातल्या आणि इस्पितळातल्या जीवाच्या बाजूनेही त्याच आवाजात बोलावे. वाटेवर घायाळ पडलेल्या माणसाला चांगल्या शमरोनीने आपल्या पिशवीतले तेल, द्राक्षारस आणि दीनार दिले. त्याच्या आधी जे दोघे तेथून पुढे गेले, ते धर्मशास्त्र जाणणारेच होते, हे विसरू नये.

माझ्या सुनेला मुलगी झाली. डॉक्टरांनी तिच्या सांगण्यावरून नाळ कापायला मिनिटभर उशीर केला आणि जे रक्त बाळाचे होते ते बाळाकडे गेले. बारशानंतरच्या आठवड्यात तिने आणि पुतण्याने दात्यांच्या नोंदणीत आपली नावे घातली. त्या दिवशी मीही अर्ज मागितला. तेथील मुलीने माझे वय पाहिले आणि तो हळूच परत घेतला. मला तेव्हा माझ्या फलकावरचे ते कात्रण आठवले. ज्या वर्षी ते लावले, त्या वर्षी माझे नाव चालले असते.